कित्ता गिरवणारा व्हिन्सेंट

सध्या एक युक्तिवाद फार ऐकू येतो. फोनमध्ये स्वतःचा किंवा लेकराचा फोटो टाकायचा आणि क्षणात तो जपानी ॲनिमेशनपटातल्यासारखा होऊन बाहेर येतो. ज्या चित्रकारांनी ती शैली घडवायला आयुष्य घातलं त्यांना कुणी विचारलं का, असं म्हटलं की उत्तर तयार असतं : ‘व्हॅन गॉगनेसुद्धा जपानी चित्रांची कॉपीच केली होती, तेव्हा कुठे कुणी कुणाला विचारलं?’ घरातल्या तरुण मुलांकडून मी हे ऐकलं, चित्रकलेत मुरलेल्या मित्रांकडून ऐकलं, एकदा एका व्याख्यानानंतरच्या चर्चेतही ऐकलं. त्यापुढे समोरचा गप्प होतो.

मला ते वाक्य स्वस्थ बसू देत नाही. त्यातली माहिती खरी आहे आणि तिच्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराने जपानी ठशांवरून, म्हणजे लाकडी फळ्या कोरून छापलेल्या चित्रांवरून, नक्कल केली, अगदी मुळाबरहुकूम, चौकटी आखून केली. पण त्याने जे केलं त्याला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे, आणि तो नक्कल नाही, चोरी तर नाहीच. त्याने कित्ता गिरवला. नक्कल आणि कित्ता यांतला फरक आपण विसरत चाललो आहोत, म्हणून हा लेख.

आधी घडलं काय ते पाहू. १८८५च्या नोव्हेंबरात व्हिन्सेंट अँटवर्पला आला आणि भाड्याच्या खोलीच्या भिंतींवर त्याने जपानी ठसे टाचण्यांनी लावले. त्यामुळे खोली बरी वाटते, असं त्याने भावाला, थिओला, लिहिलं. पुढच्या वर्षी तो पॅरिसला भावाकडे राहायला गेला. तिथे सिग्फ्रिड बिंग या व्यापाऱ्याच्या दुकानाचा माळा जपानी ठशांनी भरलेला होता. व्हिन्सेंट तिथे तासन्‌तास बसे, गठ्ठेच्या गठ्ठे उलटत राही. १८८६-८७च्या हिवाळ्यात दोघा भावांनी मिळून सुमारे ६६० ठसे घेतले. विकून चार पैसे मिळतील अशी आशा होती. ‘तांबुरीन’ नावाच्या कॅफेत त्याने त्यांचं प्रदर्शनही भरवलं, पण विक्री अशी झाली नाही. ठसे घरातच राहिले, त्यांतले बरेचसे आज ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहेत. धंदा बसला हे आपलं भाग्यच म्हणायचं, कारण ते ठसे वर्ष-दीड वर्ष रोज त्याच्या डोळ्यांसमोर राहिले.

मग १८८७मध्ये त्याने तीन ठशांवरून तीन तैलचित्रं केली. दोन उतागावा हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या ठशांवरून : कामेइदोची जर्दाळूच्या जातीची फुललेली झाडं, आणि शिन-ओहाशी पुलावर अचानक कोसळलेला पाऊस. हे दोन्ही ठसे १८५७चे, एदो (म्हणजे आजचं तोक्यो) शहराच्या शंभर देखाव्यांच्या मालिकेतले. तिसरं चित्र केइसाइ एइसेन या दुसऱ्या जपानी चित्रकाराच्या गणिकेवरून. हा तिसरा ठसा त्याने समोर ठेवलाच नव्हता. ‘पारी इल्युस्त्रे’ या नियतकालिकाने मे १८८६मध्ये जपानवर खास अंक काढला, त्याच्या मुखपृष्ठावर ही गणिका होती आणि छापताना ती उलटी, आरशातल्यासारखी, छापली गेली होती. व्हिन्सेंटची गणिकाही तशीच उलट्या बाजूला तोंड करून उभी आहे. गिरवणाऱ्याने कुठला कित्ता वापरला हे त्या एका चुकीवरून आजही कळतं.

संग्रहालयात आणखी एक वस्तू आहे, जी मला त्या तीन तैलचित्रांहून जास्त बोलकी वाटते. कामेइदोच्या झाडाचा पातळ पारदर्शक कागदावर काढलेला माग. त्यावर पेन्सिलीने आखलेल्या चौकटी आहेत. ठशावर कागद ठेवला, रेघ न् रेघ उतरवली, चौकटी पाडल्या आणि त्या चौकटींच्या आधाराने चित्र कॅनव्हासवर मोठं केलं. चौतीस वर्षांचा माणूस, हॉलंडमध्ये बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांचं ते काळंसावळं चित्र काढून झालेला, शाळकरी मुलासारखा ट्रेसिंग करत बसला होता.

मीही ते करून पाहिलं. कामेइदोच्या ठशाची मूळ आकाराची प्रत काढली, म्हणजे साधारण मोठ्या वहीच्या पानाएवढी, खिडकीच्या काचेवर चिकटवली, वर ट्रेसिंग पेपर लावला आणि दुपारभर गिरवत बसलो. चित्रात एक खोड अगदी नाकासमोर आहे, इतकं जवळ की कागदात मावत नाही, फांद्या कडेबाहेर निघून जातात. झाडाचा शेंडा दिसत नाही, बुंधाही धड दिसत नाही. फांद्यांच्या फटींतून लांबवर कुंपण आणि त्यापलीकडे बोटाच्या पेराहून लहान माणसं. पाहताना मला हे झाडाचं चित्र वाटत होतं. गिरवताना हात अडखळला तो फांद्यांवर नाही, फांद्यांच्या मधल्या रिकाम्या जागांवर. त्या जागांना स्वतःचे आकार आहेत, धारदार, कात्रीने कापल्यासारखे, आणि एक आकार किंचित चुकला की शेजारची फांदी मरते. नुसत्या डोळ्यांनी मला हे वर्षानुवर्षं दिसलं नव्हतं. शाळेत इंटरमिजिएटच्या तयारीत आम्हाला शिकवलं होतं ते असं : उजेड डावीकडून, सावली उजवीकडे, आधी वस्तू, मग पार्श्वभूमी. त्या ठशात पार्श्वभूमी असं काही नाहीच. आकाशाचा तांबूस तुकडा आणि झाडाची काळी फांदी दोन्ही सारख्याच हक्काने कागदावर बसलेत.

हे झाड एदोत प्रसिद्ध होतं. त्याच्या फांद्या जमिनीला टेकत आणि टेकतील तिथे पुन्हा मूळ धरत. लोक त्याला झोपलेला ड्रॅगन म्हणत.

आता व्हिन्सेंटने कॅनव्हासवर काय केलं ते पाहा. ठशाचं प्रमाण आणि बाजारात मिळणाऱ्या कॅनव्हासचं प्रमाण जुळत नव्हतं. त्याने ठसा ताणला नाही, कापलाही नाही. कडेला उरलेल्या पट्ट्या भडक नारिंगी रंगवल्या आणि दुसऱ्या ठशांवरची जपानी अक्षरं तिथे उतरवली. त्याला जपानी वाचता येत नव्हतं, अक्षरं त्याच्यासाठी नक्षी होती. पण मधलं चित्र हिरोशिगेचं आहे आणि त्याची चौकट मोडायची नाही, ही अदब त्या पट्ट्यांत दिसते. रंगांच्या बाबतीत मात्र त्याने स्वतःचं ऐकलं. ठशाचा सपाट, पाण्यात विरघळलेला रंग त्याने सोडला आणि जाड तैलरंगाचे फटकारे मारले. पावसाच्या चित्रातली नदी तर चक्क खडबडीत झाली. तेव्हा कित्ता गिरवतानाच वळण आपलं पडायला लागलं होतं. बाराखडी गिरवणाऱ्या पोराचंही असंच होतं. मास्तरांचं अक्षर गिरवून मोठी झालेली चाळीस पोरं चाळीस हातांनी लिहितात.

त्याच्या खऱ्या शिक्षणाचा निकाल पॅरिसमध्ये लागलाच नाही. तो फेब्रुवारी १८८८मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी गेला. तिथे त्याला आपण जपानात आल्यासारखं वाटलं. इथे काही दिवस राहिलं की नजर बदलते, माणूस अधिक जपानी डोळ्यांनी पाहू लागतो, अशा अर्थाचं त्याने भावाला लिहिलं. आर्लमध्ये त्याने एकाही ठशाची प्रतिकृती केली नाही. कित्ता मिटलेला होता आणि तरीही हातात होता. तिथल्या ओढ्याकाठचे बोरू तोडून, त्यांना टोक काढून त्याने शाईची रेखाटनं केली. एकाच शेतात ठिपके, आडव्या रेघा, आकडे, स्वल्पविरामासारखे फटकारे, प्रत्येक गवताला वेगळी खूण. ऑक्टोबरात त्याने आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढलं आणि पत्रात सांगितलं, की सावल्या काढून टाकल्या आहेत, जपानी ठशांसारखे सपाट रंग लावले आहेत. त्या चित्रात जपान कुठे आहे? खाट फ्रेंच, खुर्च्या फ्रेंच, भिंतीवरचा टॉवेलसुद्धा फ्रेंच. तरी सावल्या नाहीत. नोव्हेंबरातल्या ‘पेरणाऱ्या’च्या चित्रात एक झाड पुढ्यातून तिरकं आडवं जातं आणि कडेला कापलं जातं. कामेइदोच्या बागेतलं ते झाड आर्लच्या शेतात उभं राहिलं आहे.

म्हणून मला ‘प्रभाव’ हा शब्द अपुरा वाटतो. प्रभाव पडतो, जशी सावली पडते, ज्याच्यावर पडते त्याने काही करावं लागत नाही. व्हिन्सेंटच्या बाबतीत उलटं घडलं, त्याने एकेक गोष्ट कष्ट करून कमावली. आपल्याकडे गाण्यातला शिष्य वर्षानुवर्षं गुरूची तान जशीच्या तशी घोटतो, त्याला कुणी चोर म्हणत नाही. तालीम म्हणतो. घोटून घोटून एके दिवशी तान त्याच्या गळ्याची होते, आणि तरीही जाणकाराला घराणं ऐकू येतं.

यावर दुसऱ्या बाजूने जो आक्षेप येतो तो मी हलका मानत नाही. तो असा : व्हिन्सेंटचा जन्म मार्च १८५३चा. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेचा कमोडोर पेरी युद्धनौका घेऊन जपानच्या उरागा बंदरात शिरला. १८५८च्या तहांनी जपानचे जकातीचे हक्क काढून घेतले, परक्यांना जपानी कायद्यातून सूट दिली. ज्या दारातून ठसे पॅरिसला आले ते दार तोफांच्या धाकाने उघडलेलं होतं. शिवाय व्हिन्सेंटच्या डोक्यातला जपान खरा कुठे होता? तो तिकडे कधी गेला नाही. त्याच्या समजुतीने जपानी कलावंत भावंडांसारखे राहतात, एकमेकांना चित्रं देतात, गवताच्या एका पात्याचा अभ्यास करत सुखाने जगतात. प्रत्यक्षात त्या काळचा जपान आगगाडीचे रूळ टाकून, सक्तीची लष्करभरती लागू करून, राज्यघटना लिहायला बसला होता. कित्त्याच्या पानावरचं गाव आणि खरं गाव यांत एवढं अंतर होतं.

हे सगळं खरं आहे. तरी ‘सांस्कृतिक चोरी’ असा शिक्का मारून मोकळं होता येत नाही, कारण मग हिरोशिगेवरही तोच शिक्का मारावा लागेल. शिन-ओहाशीच्या ठशातली नदीची निळाई पाहा. तो बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शोधलेला निळा रंग आहे. जपानी कारागीर त्याला ‘बेरो-आइ’ म्हणजे बर्लिनचा निळा म्हणत. १८३०च्या सुमाराला तो एदोत मुबलक मिळू लागला आणि ठशांचा चेहरामोहराच बदलला. फक्त निळ्या छटांचे ठसे लोकप्रिय करणाऱ्यांत अग्रभागी होता तो एइसेन, व्हिन्सेंटच्या गणिकेचा बाप. लांबच्या वस्तू लहान दाखवायची युरोपीय रीतही जपानी चित्रकारांनी त्याआधी शंभरेक वर्षं उचलून, घोटून, आपली करून टाकली होती. होकुसाईच्या त्या जगप्रसिद्ध लाटेखाली इवलासा फुजी पर्वत दिसतो तो त्याच शिक्षणामुळे. म्हणजे व्हिन्सेंटने ज्या कित्त्यावर बोरू फिरवला, त्या कित्त्यातही त्याच्याच खंडाची काही अक्षरं आधीच मिसळलेली होती. आणि पॅरिसच्या बाजारात ठसे फक्त गोऱ्यांनी विकले असंही नाही. १८७८मध्ये दुभाषा म्हणून आलेला हायाशी तादामासा पुढे तिथला मोठा व्यापारी झाला. ‘पारी इल्युस्त्रे’च्या त्या अंकातला मजकूर त्याचाच.

पण एका बाबतीत आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहीन, आणि तिथे नुसत्या व्हिन्सेंटला नाही, आपल्या सगळ्यांना उत्तर द्यावं लागेल. आपण ‘हिरोशिगेचा ठसा’ म्हणतो. हिरोशिगेने कागदावर शाईने रेखाटन केलं. ते रेखाटन चेरीच्या फळीवर पालथं चिकटवून कोरणाऱ्याने कोरलं, आणि कोरताना मूळ कागद नष्टच झाला. मग प्रत्येक रंगाची वेगळी फळी. मग छापणारा, जो फळीवर कागद ठेवून हाताच्या चकतीने पाठीमागून घासतो. पावसाच्या ठशात वर जो काळा ढग खाली विरत जातो, तो फळीवर कोरलेला नाही. छापणाऱ्याने दर कागदाला फळीवरचा ओला रंग हाताने पुसून ती छटा आणली आहे, म्हणून कुठल्याही दोन प्रतींत तो ढग तंतोतंत सारखा नसतो. आणि पाऊस! ठशात जी रेघ उमटते ती लाकडात उभी असते, तिच्या आजूबाजूचं लाकूड काढलेलं असतं. शिन-ओहाशीवरच्या पावसाची प्रत्येक रेघ म्हणजे दोन्ही बाजूंनी तासून ठेवलेली केसाएवढी लाकडाची धार. अशा शेकडो. एकदा हात घसरला की फळी वाया. व्हिन्सेंटला भुरळ पडली ती या रेघांची, आणि त्या रेघा ज्या हाताने तासल्या त्याचं नाव सहसा ठशावर नसतं. चित्रकाराची सही असते, समासात उओया एइकिची या प्रकाशकाची खूण असते, कारागीर मात्र नाहीत. व्हिन्सेंटवरच्या पुस्तकांत हिरोशिगे येतो एका परिच्छेदापुरता. कोरणारा येतच नाही. कित्ता गिरवणाऱ्याचं कौतुक करताना कित्ता घालून देणाऱ्यांचा हिशेब आपण अर्धाच मांडला आहे, आणि तो पुरा करायची जबाबदारी संग्रहालयांची, कलेवर लिहिणाऱ्यांची आणि माझ्यासारख्या वाचणाऱ्यांचीही आहे.

व्हिन्सेंटने मात्र आपल्या परीने लपवाछपवी केली नाही. १८८७मध्येच त्याने रंगविक्रेत्या तांगीबुवांचं चित्र काढलं. साधा म्हातारा, गरीब चित्रकारांना उधारीवर रंग देणारा, हात जुळवून समोर बसला आहे आणि त्याच्या मागची अख्खी भिंत जपानी ठशांनी भरलेली आहे. जानेवारी १८८९मध्ये, कान कापून घेतल्यानंतर, पट्टी बांधलेल्या अवस्थेत त्याने स्वतःचं चित्र काढलं. जगातलं हे बहुधा सगळ्यांत एकाकी आत्मचित्र. त्यातही पाठीमागे भिंतीवर एक जपानी ठसा आहे. आयुष्याच्या सर्वांत वाईट महिन्यातसुद्धा त्याने गुरूचा फोटो भिंतीवरून उतरवला नाही. माझं सगळं काम थोडंफार जपानी कलेवर उभं आहे, असं तो पत्रात स्वतःहून सांगतो. कुणी विचारलेलं नव्हतं.

आता त्या फोनवरच्या चित्राकडे परत येतो. लेकराचा फोटो गोड दिसतो, मलाही दिसतो. ते करणाऱ्या आईबापांवर माझा राग नाही. राग आहे तो त्या यंत्रामागच्या कंपन्यांची वकिली करायला व्हिन्सेंटला साक्षीला बोलावण्यावर. त्याने ठसे विकत घेतले, त्यासाठी भावाच्या पगाराला कात्री लावली. यंत्राला पुरवलेल्या असंख्य चित्रांचे किती कलावंतांना पैसे मिळाले, किती जणांना विचारलं गेलं? त्याने हिरोशिगेचं झाड रेघ न् रेघ स्वतःच्या मनगटातून जाऊ दिलं, आणि त्यातून बदलला तो स्वतः. बटण दाबणाऱ्याच्या मनगटातून काहीच जात नाही, फोटो बदलतो आणि तो होता तसाच राहतो. फांद्यांमधल्या त्या रिकाम्या जागा त्याला उद्याही दिसणार नाहीत. आणि व्हिन्सेंटच्या चित्रात मूळ ठसा उघडपणे टांगलेला असतो, इथे मूळ चित्रकारांची नावं त्या यंत्राच्या पोटात कायमची विरघळतात. ज्यांना यंत्राची बाजू घ्यायची त्यांनी ती जरूर घ्यावी, तिच्यासाठी वेगळे मुद्दे असतीलही. त्या बाजूने उभं करायला व्हिन्सेंट मिळणार नाही.

मुलांच्या बाबतीत मला एक आग्रहाने सांगायचं आहे. आपल्याकडे चित्रकलेच्या वर्गात बघून काढणं हा गुन्हा मानला जातो. ‘स्वतःच्या मनाने काढ’ म्हणतात. मन रिकामं असताना मूल डोंगर, सूर्य, झोपडी, नदी याशिवाय काय काढणार? त्याच्या हातात ट्रेसिंग पेपर द्या आणि हिरोशिगेचा पाऊस द्या. अजिंठ्याची एखादी बोटांची मुद्रा द्या, वारल्यांच्या भिंतीवरची एक रांग द्या. गिरवू द्या दहा वेळा. फक्त कोपऱ्यात कुणाचा कित्ता आहे ते लिहायला लावा, आणि मिळालं तर कोरणाऱ्याचंही नाव.

असा गिरवलेला कित्ता कुठवर जातो याचं एक उदाहरण जपानमध्येच आहे. उत्तरेकडच्या आओमोरी गावात १९०३मध्ये एका लोहाराच्या घरी मुनाकाता शिको जन्मला. दृष्टी लहानपणापासून अधू. तरुणपणी त्याने एका मासिकात व्हिन्सेंटच्या सूर्यफुलांचं रंगीत छापील चित्र पाहिलं. छापील चित्रच, जसं व्हिन्सेंटने एइसेनची गणिका मुखपृष्ठावर पाहिली होती. आणि तो म्हणू लागला : मी व्हॅन गॉग होणार. तोक्योला जाऊन तैलरंगात धडपडला. पुढे त्याच्या लक्षात आलं, की आपण ज्याच्या मागे लागलोय तो माणूस आपल्याच देशाच्या लाकडी ठशांच्या मागे लागला होता. त्याने तैलरंग मागे टाकले आणि फळी आणि पटाशी हातात घेतली. १९५६मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मुद्राचित्रांसाठीचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. चित्रं काढणारा, कोरणारा आणि छापणारा तोच. त्याची कोरतानाची छायाचित्रं आहेत : जाड भिंगांचा चष्मा, आणि नाक फळीला जवळजवळ टेकलेलं.